आजीच्या डब्यातले गोल खडे: मोडीला द्यायच्या आधी एवढं तरी बघा

आमच्या घरी हळदीकुंकवाच्या जुन्या पितळी डबीत सराफाच्या गुलाबी कागदाची एक पुडी होती. आईनं १९९४ च्या दसऱ्याला पणजीच्या कुड्या मोडीत घातल्या, ताईच्या लग्नात चेन करायची होती म्हणून, आणि दुकानातल्या माणसानं कुड्या तोडून खडे बाजूला काढले, सोनं तेवढं वजन केलं आणि खडे पुडीत बांधून परत दिले. वर म्हणाला, "ह्यांच्या मधे भोक पडल्यागत दिसतंय, ह्याला काय किंमत यायची नाही." आई पुडी घेऊन गप घरी आली. आजी एवढंच म्हणाली, "टाकू नको गे ते, असू देत."

त्या पुडीत चौदा पांढरे गोल खडे होते. पंचवीसेक वर्षांनी मी भिंगाखाली घातले तेव्हा कळलं की तेरा हिरे आहेत आणि एक काच, आणि ते "भोक" म्हणजे खड्याचा दोष नव्हताच, ती त्याच्या जुनेपणाची खूण होती. तेव्हापासनं बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ओळखीच्या बायका दागिना मोडायच्या आधी मला फोटो पाठवतात. दर वेळी तेच तेच सांगायचं, तर एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. मी सराफ नाही, घरातले आणि ओळखीतले जुने दागिने बघून बघून जे शिकले ते सांगते.

आधी गोलच कशाला ते बघू, कारण ते कळल्याशिवाय भिंगातनं काय बघायचं ते कळत नाही.

गोल खडा आला कुठनं

सगळ्यात जुना गोल खडा म्हणजे पैलू नसलेला, वरनं घुमटासारखा घासलेला. माणिक, गोमेद, चंद्रकांत असले खडे आधी असेच घासायचे, इंग्रजीत त्याला कॅबोशाँ म्हणतात. नदीतला गोटा जसा वाहून वाहून गुळगुळीत होतो तसंच, फक्त हातानं. माणकासारख्या खड्याला हे सोपं जातं. हिऱ्याला नाही, कारण हिरा हिऱ्यानंच घासावा लागतो.

आणि हिरा जमिनीतनं निघतो तो बऱ्याचदा आठ बाजूंचा, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवल्यागत. त्याला वरनं बघितलं तर तो चौकोनी दिसतो. म्हणून जुने कारागीर त्या चौकोनाचे कोपरे जरा गोलसर करून थांबायचे, त्याला ओल्ड माइन कट म्हणतात, उशीसारखा दिसतो. पूर्ण गोल करायचा तर माल लई वाया जायचा आणि दोन हिरे एकमेकांवर हातानं घासत बसायला लागायचं. आपल्याकडचे कारागीर तर वजन वाचवायचंच बघायचे, आकार वेडावाकडा राहिला तरी चालेल. ह्यात आपलाही संबंध आहे बरं का, चिकोडी-अथणीकडनं वाहणारी कृष्णा पुढं आंध्रात जाते आणि तिच्याच काठावर कोल्लूरची हिऱ्याची खाण होती, तावेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी १७ व्या शतकात ती बघून गेला. १७२० च्या दशकात ब्राझीलमधे हिरे सापडेपर्यंत जगातले हिरे मुख्यतः हिंदुस्थानातनंच जायचे.

मग १८६० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, माल वाढला. १८७० च्या दशकात बोस्टनमधे हेन्री मोर्स ह्याच्या कारखान्यात हिऱ्याची कड गोल घासायचं यंत्र आलं. १९०० च्या सुमाराला हिरा कापायची यांत्रिक करवत आली, तिच्यामुळं त्या आठ बाजूंच्या हिऱ्याचे दोन तुकडे करून दोन्हीतनं गोल खडे काढता यायला लागले. ह्या काळातला, साधारण १८९० ते १९३० चा गोल खडा म्हणजे ओल्ड युरोपियन कट. पणजीच्या, आजीच्या कुड्यांत बऱ्याचदा हाच असतो. पुढं १९१९ मधे मार्सेल टोलकोव्स्कीनं हिशोब मांडला की कुठला कोन किती ठेवला म्हणजे उजेड आत जाऊन जास्तीत जास्त वर परत येतो, आणि आज दुकानात मिळतो तो ५७-५८ पैलूंचा राऊंड ब्रिलियंट त्याच वाटेनं आला.

आता कुडीत गोलच का ते स्वतः करून बघा. एक रुपयाची सात नाणी घ्या, एकाच साइझची. एक मधे ठेवा आणि भोवती बाकीची लावा. बरोब्बर सहा बसतात, मधे फट नाही आणि दाटी पण नाही. मधे एक भोवती सहा ही कुडी ह्या हिशोबावर उभी आहे. शिवाय गोल खड्याला कोपरा नाही म्हणजे तुटायला टोक नाही, पदराला केसाला अडकत नाही, आणि कोंदणात जरा फिरला तरी कुणाला कळत नाही. रोज वापरायच्या दागिन्यात गोल टिकला तो ह्याच्यामुळं असं मला वाटतं.

पहिलं काम: धुवू नका

दागिना हातात आला की बायकांचा हात पहिला रिठ्याकडं जातो. थांबा. आधी आहे तसा फोटो काढा, पुढनं, मागनं, बाजूनं, शेजारी पट्टी ठेवून. मग काट्यावर एकूण वजन करून वहीत लिहा. कुड्यांची, बुगड्यांची फिरकी काढलीत तर उजवीची उजवीकडं, डावीची डावीकडं ठेवा, कारण जुन्या फिरक्यांचे आटे हातानं पाडलेले असतात, एकीची दुसरीला बसत नाही आणि जबरदस्तीनं पिळली की आटा गेलाच.

दुसरं काम: पाठ बघा

दागिना उलटा करा. मागनं सोनं बंद असेल, म्हणजे खड्याचं बूड दिसतच नसेल, तर आत बहुतेक लाख भरलेली आहे आणि खड्याच्या खाली चकाकणारा पातळ पत्रा आहे. कुंदन कामात शुद्ध सोन्याची पट्टी खड्याभोवती दाबून बसवतात. असल्या खड्याचा रंग आणि चमक अर्धी त्या पत्र्याची असते, म्हणून पाणी आत गेलं की पत्रा काळा पडतो आणि खडा एकदम मेल्यागत दिसतो. लोक मग म्हणतात खडा खराब झाला. खडा तसाच असतो, खालचा पत्रा गेलेला असतो.

मागनं उघडं असेल तर बरं, खालनं उजेड येतो आणि तुम्हाला खड्याचं टोक बघता येतं.

पाठीवर हॉलमार्क शोधत बसू नका, सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर हा अलीकडचा प्रकार आहे, १ एप्रिल २०२३ पासनं तर दुकानात त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, पण पणजीच्या कुडीवर तो कुठनं असणार. एक मात्र लक्षात ठेवा, १९६३ च्या सुरुवातीला सरकारनं गोल्ड कंट्रोलमधे, म्हणजे सोन्यावरच्या निर्बंधांत, १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने करायला काही वर्षं बंदी घातली होती, तेव्हा त्या काळातला दागिना कमी कसाचा निघाला तर लगेच कुणी फसवलं म्हणून आजोबांच्या नावानं बोलू नका.

तिसरं काम: वरनं भिंगातनं बघा

दहापट दाखवणारं भिंग घ्या, ऑनलाइन मिळतं, महाग नसतं. दुपारी खिडकीपाशी बसा, ऊन अंगावर नको, नुसता उजेड. भिंग डोळ्याला चिकटवा आणि दागिना भिंगाकडं आणा, उलटं केलं की काही दिसत नाही.

पांढरा गोल खडा असेल तर बरोब्बर मधोमध बघा. जुन्या कटात मधे एक बारका गोल दिसतो, जरा काळपट, एखाद्या सुईनं भोक पाडल्यागत. हेच ते "भोक". जुने कारागीर खड्याचं खालचं टोक मुद्दाम कापून सपाट करायचे, अणकुचीदार ठेवलं तर उडतं म्हणून. त्याला क्युलेट म्हणतात. वरनं बघताना ते सपाट बूड आरपार दिसतं आणि भोक वाटतं. आमच्या पुडीतल्या तेराच्या तेरा खड्यांत ते होतं, चौदाव्यात नव्हतं.

मग वरचा सपाट भाग बघा, टेबल म्हणतात त्याला. जुन्यात तो छोटा असतो आणि खडा वर उंच उठलेला असतो, बाजूनं बघितलं तर टोपी घातल्यागत. नव्यात टेबल मोठं, उंची कमी. कड बघा, जुन्याची कड पॉलिश नसते, दुधी काचेसारखी मळकट दिसते आणि कुठंकुठं बारीक कपची गेलेली असते.

आणखी एक प्रकार भेटतो, खाली एकदम सपाट आणि वर त्रिकोणी पैलूंचा घुमट, तो रोज कट, रोज म्हणजे इंग्रजीतला गुलाब. युरोपात १६ व्या शतकापासनं चालत आलेला. त्याला बूडच नसतं म्हणून चमक कमी, पाण्याच्या थेंबासारखी शांत. हा खडा बघून "ही काच आहे" म्हणणारे लई भेटतील.

मी सगळ्यांना सांगते, संध्याकाळी घरातली लाईट बंद करा, समई लावा आणि खडा तिच्यापाशी हलवा. नवा हिरा ट्यूबलाईटखाली बारीक बारीक चमकतो. जुना हिरा समईपाशी मोठे मोठे ठिपके टाकतो, एक पेटतो, विझतो, दुसरा पेटतो. ते खडे घासले गेले तेव्हा घरात दिवेच होते. मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा आई शेजारी होती, ती नुसती बघत राहिली.

चौथं काम: माप

खडा सुटा असेल तर व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीनं, दोन-तीन बाजूंनी व्यास मोजा. आजचा मशीनवरचा गोल खडा कुठूनही मोजा, फरक जेमतेम केसाएवढा येतो. जुन्या खड्यात ०.१-०.२ मिलिमीटरचा फरक सहज निघतो. भिंगाशिवाय तुम्हाला तो गोलच दिसतो, पण हात लागलेला गोल आहे तो.

हिरा असेल तर वजनाचा अंदाज काढता येतो. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले ०.००६१, मापं मिलिमीटरमधे, उत्तर कॅरटमधे. ३ मिलिमीटरचा नवा खडा १.८ उंच असेल तर साधारण ०.१० कॅरट. तोच जुना २.१ उंच असेल तर ०.११ च्या वर जातो. १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, हा खड्याच्या वजनाचा कॅरट, सोन्याच्या कसाचा वेगळा. म्हणजे वरनं तेवढाच दिसणारा जुना खडा वजनाला जास्त असू शकतो, दुकानात नुसतं वरनं माप घेऊन चार्ट बघत असतील तर हे त्यांना सांगा.

सुट्या खड्याची एक चाचणी सगळ्यांना माहीत असते, पेपरवर पालथा ठेवायचा आणि अक्षर वाचता येतात का बघायचं, वाचता आलं तर काच. ही चाचणी रोज कटला लावू नका. तो सपाट असतो, खरा हिरा असून अक्षर दिसतं. फुंकर मारून वाफ किती वेळात उडते बघायची पण पद्धत आहे, हिऱ्यावरनं पटकन उडते, पण तो नुसता अंदाज. त्यापेक्षा सराफाकडं टेस्टर पेन असतो, हिऱ्यावर टेकवला की वाजतो, तो लावून बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम. आमच्या तेरा खड्यांवर तो वाजला, एकावर गप बसला.

आणि अमेरिकन डायमंडची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा, तो बाजारात १९७६ नंतर आला. त्याच्या आधी बसवलेला आणि नंतर कुणी न बदललेला खडा अमेरिकन डायमंड असूच शकत नाही. काच असू शकते.

लाल खडे: इथं जास्त फसगत

आपल्या भागात दागिन्यात लाल खडा लई. नथीत, बुगडीत, तन्मणीत. कानडी सराफाकडं गेलात तर तो केंपू म्हणेल, खड्याला हरळू, मोत्याला मुत्तू आणि पोवळ्याला हवळ, एवढे चार शब्द माहीत असले म्हणजे काउंटरपलीकडचं बोलणं कळतं.

लोकांचा समज असा की जुना लाल खडा म्हणजे खरं माणिक. तसं नसतंय. १९०२ मधे ऑग्युस्त व्हर्नॉय ह्या फ्रेंच माणसानं भट्टीत माणिक तयार करायची पद्धत जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत ते खडे सगळीकडं पसरले. म्हणजे आजीच्या लग्नातल्या, १९४० च्या नथीत भट्टीतलं माणिक असू शकतं, आणि ते सुद्धा आता जुनंच झालं. भिंगातनं बघा, आत गोल गोल बुडबुडे किंवा ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर असतात तशा वाकड्या रेघा दिसल्या तर ते भट्टीतलं. नैसर्गिक माणकातल्या रेघा सरळ असतात, कोनात वळतात, आणि आत रेशमासारखे बारीक धागे दिसू शकतात. अगदी निर्मळ, एकसारखा लाल, आत काहीच नाही असा गोल खडा दिसला की मला आधी शंका येते.

माझ्या आजीच्या नथीतला खडा असाच निघाला, वाकड्या रेघा स्पष्ट. मला वाईट वाटलं नाही. रासायनिकदृष्ट्या ते माणिकच आहे. फक्त खाणीतल्या माणकाच्या भावात त्याचा हिशोब करायचा नाही.

लाल दिसणारा गार्नेट असतो, स्पिनेल असतो, काच असते. इंग्लंडच्या राजमुकुटातला ब्लॅक प्रिन्स रुबी म्हणतात तो सुद्धा स्पिनेल आहे, तेव्हा डोळ्यांनी फसायची लाज नको. किमती वस्तू वाटली तर मुंबईत जीआयए, आयजीआयच्या लॅब आहेत, तिथं तपासून घ्या.

मोती

मोती हा एकच असा गोल की तो घासावा लागत नाही. कुडीतले, नथीतले जुने मोती बऱ्याचदा बसऱ्याचे, म्हणजे आखातातले, बसऱ्याच्या वाटेनं मुंबईला यायचे. एकेकाळी त्यांची काय किंमत होती बघा, १९१७ मधे कार्तिए ह्या दागिन्यांच्या कंपनीनं दोन सरांची मोत्यांची माळ देऊन न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचं अख्खं घर घेतलं, माळेची किंमत धरली होती १० लाख डॉलर. मग जपानच्या मिकिमोतोचे कल्चर मोती, म्हणजे माणसानं शिंपल्यात मणी घालून तयार करवलेले, बाजारात आले आणि १९३० पर्यंत नैसर्गिक मोत्याचा भाव कोसळला.

मोती दाताच्या कडेवर अलगद घासा. खरखर लागली तर खरा किंवा कल्चर, गुळगुळीत लागला तर काचेचा नाहीतर प्लास्टिकचा. खरा आणि कल्चर ह्यातला फरक दातानं कळत नाही, त्याला लॅबमधे एक्स-रे लागतो. पण भोकात भिंगानं बघा, कल्चर मोत्यात आतला मणी आणि वरचा थर ह्यांच्यामधे एक रेघ दिसते कधीकधी. आणि जुन्या मोत्यांत एकसारखे गोल शोधू नका. आमच्या नथीतला एक बटणासारखा चपटा आहे, कारागिरानं चपटी बाजू आत करून बसवलाय.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, ह्यातलं काही मोत्याच्या आणि पोवळ्याच्या जवळ आणू नका. दोन्ही मुळात चुना, आंबटात विरघळतात. रिठ्यात भिजत पण घालू नका, रेशमाचा दोरा सुजतो. ओल्या मऊ फडक्यानं पुसा, वाळवा, मलमलीत गुंडाळा. पावडर, अत्तर, तेल सगळं झाल्यावर शेवटी मोती घालायचे आणि घरी आल्यावर पहिल्यांदा काढायचे. हिऱ्याच्या डबीत टाकू नका, हिरा सगळ्यांना ओरखडतो.

सराफाकडं गेल्यावर

शहापूरला जा, खडेबाजारात जा नाहीतर कोल्हापूरला गुजरीत जा, बोलणं एकच. मोड करायच्या आधी विचारा की सोन्याचं वजन आणि खड्याचं, लाखेचं वजन वेगळं लिहून देणार का. खडे मोजून परत पाहिजेत हे सोनं भट्टीत जायच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. काढताना समोर बसा. मोतीवाला दागिना असेल तर आच लावायच्या आधी मोती काढले का ते डोळ्यांनी बघा.

कुणी म्हणालं की खडा जुना आहे, नव्यानं घासून देतो, चमक येईल, तर नको म्हणा. कोहिनूर इंग्लंडला नेला तेव्हा साधारण १८६ कॅरटचा होता, १८५२ मधे चमक यायला पाहिजे म्हणून परत घासला आणि १०५.६ कॅरटचा राहिला. बारक्या खड्याचं तर काय शिल्लक राहणार. आणि एकदा ते क्युलेट गेलं, उंची गेली की तो खडा दुकानातल्या ताटलीतल्या दुसऱ्या कुठल्याही खड्यासारखा.

परत बसवताना

आम्ही शेवटी त्या चौदा खड्यांच्या परत कुड्या केल्या, आईसाठी. ओळखीचे एक वयस्कर सोनार आहेत, त्यांनी आधी मेणावर सातसात खडे मांडले. नव्या मशीनच्या खड्यांचं कोंदण तयार मिळतं, ह्यांचं मिळत नाही, कारण एक २.९, एक ३.१, एक जरासा लांबट. सहा भोवती लावले की कुठंतरी फट पडायची नाहीतर सातवा आत शिरायचाच नाही. त्यांनी जवळजवळ तासभर खडे इकडचे तिकडं केले, उजव्या कुडीतला डावीत, मधला कडेला, शेवटी सगळ्यात मोठे दोन मधे घेतले तेव्हा बाकीचे बसले. मग प्रत्येक खड्याला कागदावर नंबर घातला. तुम्ही करून घेतलंत तर हा कागद मागून घ्या, पुढं एखादा खडा पडला तर कुठल्या मापाचा शोधायचा ते कळतं. कोंदण मागनं उघडं ठेवायला सांगा.

काचेचा चौदावा बदलू का म्हणून त्यांनी विचारलं. तो कधीतरी पणजीच्या किंवा आजीच्या हयातीत एक हिरा पडल्यावर कुणीतरी बसवला असणार, माप बरोब्बर जुळवून, ३.० मिलिमीटर. आई म्हणाली राहू दे. डाव्या कुडीत खालच्या बाजूला आहे तो, नंबर अकरा.